पंख कुठे लावायचा

मेळा उठला की मैदान आमचं.
तंबूंच्या खुंट्यांचे खड्डे, गजकाचे चेपलेले डबे,
मौत का कुआँ उभा होता तिथे
तेलाचं एक काळं वर्तुळ.
तीच आमची धावपट्टी.
शनिवारी सकाळी सात वाजता सहा पोरं,
बुटांच्या खोक्यांत बाल्साची विमानं,
आणि मी, टेंबे सर,
हवाई दलाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं तेव्हापासून
डाव्या कानाने अधिकृत बहिरा.

पहिल्या वर्षी सगळ्यांना वरचाच पंख.
धड खाली लोंबतं, दोराला बादली तसं,
कललं तरी आपसूक सावरतं.
(असं मी सांगतो. खरं कारण
कुशीवर घसरणाऱ्या हवेचं आहे,
ते नववीत गेल्यावर.)
वरचा पंख चुका पोटात घालतो.
पण वळायला सांगा, तर तहसिलीतल्या फाइलीसारखं वळतं,
आणि ज्या बाजूला जायचं
नेमकी तीच बाजू पंखाआड जाते.

खालचा पंख चपळ.
चाकांच्या काड्या आखूड पुरतात, मोडत नाहीत.
टोकं मात्र जरा वर उचलावी लागतात, ओंजळीसारखी,
नाहीतर ते कलतं ते कलतंच.
आणि उतरताना जमिनीलगतची हवा खाली दाटते,
मग निघतो निघतो म्हणत
उंबऱ्यात बोलत राहणाऱ्या माणसासारखं
तरंगत जातं, तरंगत जातं,
थेट बाभळीपर्यंत.
त्या बाभळीत आमची अकरा विमानं आहेत.

मुरारच्या पीयूष कुशवाहने दोन मजली पंख केले.
म्हणाला, सर, दुप्पट उचलेल.
दुप्पट नाही रे.
वरच्याची हवा खालच्याला नडते, खालच्याची वरच्याला,
एका जिन्यातली दोन बिऱ्हाडं.
शिवाय मधले दोरे हवेला धरून ठेवतात.
पण आखूड पंख, गच्च बांधलेले,
आपटलं तरी काहीतरी शिल्लक राहतं.

इतक्यात महाराजपुऱ्याहून त्रिकोण उठतो.
बोलणं बंद.
पोरं कान झाकतात, मी एकच झाकतो.
किल्ल्यावरून जाऊन आवाज परत येईतो
तो दतियाकडे ठिपका झालेला.
सर, तसा करू या?
करा. पण त्याला हळू चालता येत नाही,
उतरतानासुद्धा नाक वर, वेग अंगात.
आपल्या रबराच्या पिळावर
तो त्रिकोण म्हणजे भिरकावलेलं कौल.

ओवी फाळके तोवर काही बोललीच नव्हती.
तिने खोकं उघडलं.
पंख बरोबर मधोमध.
हवेला सगळ्यात कमी बोचतो, ती म्हणाली,
वर उलटा, खाली सुलटा, दोन्हीकडे सारखाच.
खरं होतं ते.
मी माझं ठरलेलं वाक्य काढलं:
अगं, पण मग पंखाचा कणा
पोटातून आडवा जातो.
माणूस बसवणार कुठे?

तिने माझ्याकडे पाहिलं, मग विमानाकडे.
विमान वीतभर.
सर, यात कुणी बसणारच नाहीये ना.

पीयूष हसला. बाकीचेही.
मी चष्मा पुसला, तो स्वच्छच होता.
एकतीस वर्षं
वीत वीत लांबीच्या विमानांत मी
एका माणसाची जागा सोडत आलो,
फळीवर नख ओढून दाखवत,
इथे, इतकी, गुडघे जरा दुमडून.

रबर तिने पोटाखालून नेलं होतं,
काडीला बाहेरून, बेढब.
दोनशे चाळीस पीळ.
सोडलं.
घड्याळ दाबायला मी विसरलो,
म्हणून वहीत सेकंदांच्या रकान्यात
नुसतं लिहिलंय: बरेच.

उतरताना खुंटीच्या खड्ड्यात गेलं.
शेपूट मोडली. पंख शाबूत.
ओवी गुडघ्यावर बसून मातीत तुकडा शोधत होती
आणि मी उगाच तिच्या उजवीकडे उभा,
ती काही म्हणालीच तर
मला ऐकू येणार नाही अशा बाजूला.

पुढच्या शनिवारी दोन नवीन मुलं आहेत.
त्यांना वरचा पंख.
बाल्सा कापून ठेवलाय.