तांबडं थोडं कमी

कॅलेंडरवाल्यांना ऑक्टोबरसाठी पानगळ हवी होती.
मी फोनवर म्हटलं, आमच्याकडे ऑक्टोबरात भात कापतात,
रान तेव्हा हिरवंगार.
पानं गळतात ती फेब्रुवारीत,
तीही एकदम नव्हे, ज्याची त्याच्या सवडीने.
ते म्हणाले, चालेल,
महिन्याचं नाव आम्ही खाली छापतोच.

नेत्रावळीच्या नाक्यावर सोयरू वेळीप थांबला होता,
वनखात्यातला, निवृत्तीला सात महिने उरलेला,
बूट हातात आणि पायात चपला.
‘बूट घातल्यार पानां आयकूंक येनात.’

सागाचं पान पडल्याचं सांगून पडतं.
किंदळीचं कधी पडलं ते कळतच नाही,
पायाखाली आल्यावर ओळख देतं.
वर फांद्यांमधून आभाळ मोकळं होत चाललेलं
आणि झुडपांवर मातीची तांबडी पूड,
रिवणपासून ट्रकांनी आणून टाकलेली.
ती पुसावी की ठेवावी, मी ठरवू शकलो नाही.

राखाडी कार्ड दुकानात राहिलं होतं,
कुणाच्या तरी पासपोर्ट फोटोंखाली.
म्हणून पांढरा रंग मी नाण्याच्या खोडाकडून घेतला.
साल सुटलेली, आत गुळगुळीत फिकं अंग.
कॅमेऱ्याला सांगितलं, हे पांढरं धर,
बाकीचं जग यावरून मोज.
सोयरूने खोडावर हात ठेवला,
जणू मी त्याच्याकडून काही उसनं घेत होतो.

मग कोशिंब.
एकटाच, वळणावर, पेटल्यासारखा.
मी वाट मधोमध घेतली, झाड तिच्या टोकाला.
‘मात्शें दावेक सर,’ तो मागून म्हणाला.
‘वाट मधीं घालूं नाका.
मधीं आसल्यार मनीस थंयच वता.’
मी दोन्ही काढले, त्याचा आणि माझा.

पडद्यावर दाखवलं : बघ, कसा तांबडा.
त्याने बराच वेळ पाहिलं.
‘म्हाका तांबडें आनी पाचवें एकूच.’
तीस वर्षं रानात, आणि हे
त्याने खात्याला कधी सांगितलं नव्हतं.
मग कोशिंब कसा ओळखतोस?
त्याने खालच्या फांदीचं पान दोन बोटांत धरलं,
तान्ह्या पोराच्या कानाची पाळी धरावी तसं.
‘नवें. हें पडपाचें न्हय.’

रात्री सांग्याला, शटर अर्धं ओढून,
मी त्या नव्या पानांना मरायला लावत बसलो.
तांबडं जरा वाढव, पिवळं ओढ, हिरवं मागे सार.
खणात बाबांच्या जुन्या काचा आहेत,
गुलाबी, पिवळी, आभाळी,
नवरीचा फोटो धुताना ते म्हणायचे,
आधी डोळ्यांतलं पांढरं नीट कर,
शालू मग आपोआप जागेवर येतो.
मी नाण्याच्या सालीपाशी परत गेलो.
तांबडं कमी केलं. अजून थोडं.
एकदा सगळे रंग काढून पाहिले,
सोयरूला कसं दिसत असेल म्हणून,
आणि लगेच लाज वाटली :
हे त्याचं रान नव्हतं,
हे फक्त माझं, रंग काढून घेतलेलं.

कंपनीने मधोमध वाटेचा निवडला.
निरोप आला, छान, फक्त तांबडं वाढवा.
बिलाचे पैसे आले तेव्हा मी वाढवलं होतं.

पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच्या घरी गेलो.
अंगणात मळणी, नाकात कोंडा,
आत पिवळा बल्ब, त्याच्या उजेडात
माझा सगळा तोल वितळून गेलेला,
कोशिंब, माती, कॅलेंडरची भिंत एकाच रंगाची.
पान मात्र जरा अरुंद वाटलं.
जवळ गेलो. उजवी कड त्याने
चार बोटं आत दुमडून टाचणी मारली होती,
एकोणतीस, तीस, एकतीस तारखांसकट.
वाट आता बाजूला गेली होती,
आणि मधे
नुसतं रान.