समायोजित भाव

बाबांच्या वहीत लिहिलंय, ४१२.
सव्वीस मार्च ब्याण्णव, पन्नास शेअर, सह्यगिरी पंप्स.
संगणक म्हणतो, त्या दिवशीचा बंद भाव
वीस रुपये साठ पैसे.

मी आधी तारीख पाहिली, मग चष्मा पुसला,
मग ठाकुरद्वारला कोठारे सी.ए.कडे गेले.
पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर आपटत ते म्हणाले,
दोन हजार चारला एकास एक बोनस, भाव निम्मा.
दोन हजार दहाला दहाचा शेअर एक रुपयाचा झाला,
उरलेल्याचा दहावा हिस्सा.
म्हणून मागचं सगळं वीसने भागून ठेवतात, ताई,
नाहीतर आजचा भाव तेव्हाच्या भावाशी बोलणार कसा?

पन्नासांचे हजार झाले, चारशे बाराचे वीस साठ.
गुणाकार तोच. वीस हजार सहाशे.
हा आकडा मला शाळेपासून पाठ आहे.
त्या वर्षी आमच्याकडे फ्रीज यायचा होता
आणि मोरीला फरशी.

श्रीरंग फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगतो,
बाबांनी वीसला घेतला, आज तेराशे चाळीस.
याला म्हणतात संयम.

आलेख उघडला.
डावीकडे तळाला चिकटलेली रेघ,
ओहोटीला माझगावच्या धक्क्याखाली उरतो
तेवढ्या पाण्याची.
उजवीकडे एकदम चढ.
चारशे बाराचे शहाण्णव झाले ते सोळा महिने
मी बोट ठेवून शोधले. बोटाखाली गेले.
बाबा जेवताना बोलेनासे झाले ते,
आई शेजारी वाटी घेऊन बर्फाला पाठवायची ते,
सगळं त्या रेघेच्या जाडीत.

श्रीरंगची रेवती मागून वाकून बघत होती.
आत्या, स्केल बदल ना. लॉग लाव.
एकच बटण.
दहाचे शंभर होणं आणि शंभरचे हजार होणं
आता सारख्याच उंचीची पायरी,
आणि उजवीकडचा डोंगर जरा खाली बसला,
डावीकडे तुटलेला कडा वर आला.
बाप रे, इथे काय झालं होतं?
मी म्हटलं, फ्रीज.
ती हसली. मग हसायची थांबली.

कोठारेंना एकच दिवस हवा आहे,
एकतीस जानेवारी दोन हजार अठरा, दिवसातला वरचा भाव.
सहाशे अकरा. कराच्या हिशेबाला पुरे.
बाकी दिवसांचं काय करू, मी विचारलं.
त्यांनी खांदे उडवले, चहा मागवला.

बाकीचे दिवस मी रात्री घेऊन बसते.
बाबा गोदीत टॅली क्लार्क. गोणी मोजायची सवय,
पेपरातला भाव सकाळी चहाच्या आधी वहीत.
त्यांचा आकडा, पडद्यावरचा आकडा, गुणिले वीस.
जुळतं. जुळतं. एका ठिकाणी चार आणे कमी,
ती चूक पेपराची असणार, बाबांची नव्हे.
रविवार दोघांकडे रिकामे.
दिवाळीच्या मुहूर्ताला दोघांकडे भाव.

मग बारा सप्टेंबर पंच्याण्णव, मंगळवार.
बाजार चालू होता. संगणकात पाच रुपये पंधरा पैसे.
वहीत भाव नाही.
भावाच्या जागी द. म. विजयकर,
त्याखाली द. म. विजयकर, पान संपेपर्यंत,
नऊ वेळा, 'वि'ची वेलांटी दरवेळी थोडी वेगळी.
टाचणीला दलालाची चिठ्ठी, जांभळा शिक्का :
सहीत तफावत. विक्री रद्द. शेअर परत.

त्या पावसाळ्यात क्रेनच्या साखळीत
त्यांच्या उजव्या हाताचं बोट चेंगरलं होतं.
आम्हाला सांगितलं होतं, दार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भाव. ठळक, सरळ ओळीत.

श्रीरंगला अजून काही बोलले नाही.
पाच पंधरा गुणिले वीस, एकशे तीन.
समासात जागा होती,
सह्यांना धक्का न लावता
पेन्सिलीने लिहिलं.