शेऱ्याचा रकाना

उद्यमबागेत रोज चारच्या सुमाराला
सतरा शेडी फिरतो मी, पिग्मीची वही घेऊन.
सोसायटीच्या संगणकात यल्लोजी मुचंडीकर
अजून हिरवा आहे.
हप्ता पाच तारखेला. थकबाकी शून्य.

मी संगणक नाही. दारात चप्पल काढतो
आणि आधी जमीन बघतो.

लेथखालचा कीस पूर्वी निळा असायचा,
तापून वळलेला, पायाला लागला तर चरचरणारा.
आता तपकिरी. एकाच जागी गंजलेला.
गांधीनगरचा भंगारवाला
हाक न मारताच सायकल पुढं काढतो.

तीनशे द्यायचा, ग्रीस लागलेल्या नोटा,
मोजून घ्या असंसुद्धा म्हणायचा नाही.
आता शंभर. कोरी, करकरीत.
गिऱ्हाइकाकडून कोऱ्या नोटा येत नाहीत,
एवढं बावीस वर्षांत कळलंय मला.

"हुबळीची पार्टी सोमवारी देणार,"
हे मी विचारलेलं नसतं.
कुठला सोमवार, ते तो सांगत नाही.
कामात खोळंबा केला म्हणून शिव्या घालायचा मला.
आता म्हणतो, "बसा की, सर."
त्या 'सर'नं पोटात गोळा आला.

आणि ते काळं कुत्रं.
दुपारी पाच डबे उघडायचे तिथं, पाच घरच्या भाकरी.
आधी बसाप्पा गेला, मग अल्ताफ,
मग कडोलीचा तो पोरगा, नाव विसरलो.
कुत्रं आता पलीकडच्या फाउंड्रीत झोपतं.

वहीत शेऱ्याचा रकाना असतो, कुणी भरत नाही.
मी लिहिलं : कुत्रं हललं.
मॅनेजर कंग्राळकरांनी चष्मा पुसला,
"ह्याला कोड कुठला लावू?"

माझं कमिशन शेकडा तीन.
तीनशेचे नऊ, शंभराचे तीन.
म्हणजे तो बुडतोय हे माझ्या खिशाला
त्याच्या बायकोच्या आधी कळलं.

काल वळणावरून ऐकलं, शेड गप्प होती.
गाडी दारात लावली आणि मशीन सुरू झालं.
यल्लोजी हँडलवर वाकलेला, घामसुद्धा आलेला.
चकमध्ये काही नव्हतं.
रिकामं चक गरगरत होतं,
आणि तो डोळा बारीक करून
नसलेल्या लोखंडाचं माप बघत होता.

शंभराची पावती फाडली.
बोललो ते कुस्तीवर.
एरवी दहा मिनिटं टेकतो मी.
काल लगेच उठलो, किक मारली,
रेस जरा मोठा दिला,
हेस्कॉमचं बिल तरी
माझ्यापायी वाढायला नको.