कारणाचा रकाना

अंबडच्या आमच्या शेडमध्ये नकाराला तीन डबे आहेत.
पिवळ्यात होल्ड, निळ्यात रिवर्क,
तांबड्यात रिजेक्ट.
नो-गो गेज आत गेला
की मी मार्करने लिहून टाकते.
हात थरथरत नाही.
बुशला काय वाटणार?

रजिस्टरात कारणाचा रकाना असतो:
बोअर मोठा. चरा. गंज.
तो कोरा राहिला तर सुपरवायझर सही करत नाही.

घरी असा रकाना नाही.
चांदवडचं स्थळ आलं, चिवडा नको म्हणाले,
चहा अर्धा ठेवला.
चौथ्या दिवशी आईच्या फोनवर एक ओळ:
पत्रिका जमत नाही, सॉरी.
पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

भावाला बँकेने कळवलं, डिक्लाइन्ड.
म्हणजे रिजेक्टच ना, त्याने विचारलं.
तेच, मी म्हटलं, पण खुर्चीत बसवून.
आणि रिग्रेट?
रिग्रेटमध्ये दारापर्यंत सोडायला येतात.

दिंडोरीची मावशी 'रिजेक' म्हणते,
ट खाऊन टाकते.
रिजेकची दोन क्रेट ठेवलीत गं, घेऊन जा.
लहानपणापासून आम्ही तीच द्राक्षं खाल्ली,
मणी लहानमोठे, डाग पडलेले.
दुसरी कशी लागतात ते
परदेशातल्या लोकांना ठाऊक.

काल पाथर्डी फाट्यावर, बस येईपर्यंत,
सिन्नरच्या मुलाला कळवायचं होतं.
'नाही' लिहिलं. फारच उघडं दिसलं.
'नको' तर त्याहून,
वाढणाऱ्यापुढे ताटावर हात आडवा धरल्यासारखं.
दोन्ही खोडलं.
'नॉट इंटरेस्टेड' पाठवलं,
कामावरचे हातमोजे न काढता, म्हणा.
निळ्या खुणा आल्या. ओके, त्याने लिहिलं.
कारण त्यानेही मागितलं नाही.
होतं माझ्याकडे:
आधी पगार विचारला होता त्याने,
मग नाव.

निमसेमामा रिटायर झाले
तेव्हा तांबड्या डब्यातला एक बुश मागून घेतला,
रीतसर गेटपास करून: भंगार, नग एक.
परवा नांदूरला गेले त्यांच्याकडे.
खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून
तो तिथे, फटीत,
माझं अक्षर पुसत पुसत उरलेलं: 'रि'.
पुढे काय होतं गं, मामींनी विचारलं.
आठवत नाही, मी म्हटलं,
आणि खिडकी
थोडी अजून उघडली.