पाचवा रकाना

गावची घरपट्टी मी वसूल करतो. ग्रामपंचायतीचा शिपाई.
पगार तीन-तीन महिने लांबतो,
पावतीपुस्तक मात्र कायम खिशात
आणि अंगठ्याला शिक्क्याची जांभळी शाई.
म्हणून मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावणारी बाई म्हणाली,
"तुमचं तर आधीच झालंय की."
सगळे हसले. मीही.

मतदान शाळेतच, चौथीच्या वर्गात.
फळा नीट पुसलेला नव्हता,
सतराचा पाढा एकशे एकोणीसवर थांबलेला.
वर पत्र्याला सहा भोकं. मोजलेली आहेत मी.
उन्हाची सहा नाणी फरशीवर सांडलेली,
त्यातलं एक सरकत सरकत
केंद्राध्यक्षांच्या टकलावर आलेलं.

मथुराबाई कच्छवे उभी होती. निशाणी छत्री.
गिरणीत दळणाच्या रांगेत म्हणाली होती,
"घरामागं दोनशे रुपये शाळापट्टी लावीन, वर्षाला.
पत्रे बदलीन. इंग्रजीला एक मास्तरीण ठेवीन.
हिशेब फळ्यावर लिहीन, ज्याला वाचता येतं त्यानं वाचावा."
असं मत मागत असतेत का कुणी?
आश्रोबा खटिंग कमान देणार होता.
कमान फुकट. वर दोन सिंह.

दोनशे म्हणजे काय ते मला विचारा.
दोनशे म्हणजे रंगनाथ लोहाराचं "उद्या ये."
दोनशे म्हणजे दारात आलेलं लेकरू:
"बाप घरी नाही म्हणून सांग म्हणलाय."
दोनशे म्हणजे सुगंधाबाईच्या कनवटीच्या दहा-दहाच्या नोटा,
तेरावर चुकायची, परत एकपासून.
बाई, आणा, मी मोजतो.
"राहू दे. मपलं मला मोजू दे."
तीनशे दारं. वर्षाला चार खेपा. दोन कुत्री चावलेली.

पुठ्ठ्याच्या आडोशाला माणूस एकटा असतो.
मथुराबाईला मी शब्द दिला होता.
माझी लेक ह्याच पत्र्याखाली शिकली,
आज परभणीला दवाखान्यात चिठ्ठ्या फाडते.
तरी बोट गेलं
खाली, रोडरोलरवर.
यंत्र वाजलं. बाहेर ऐकू गेलं असेल, असं वाटलं.
शाळेवर राग नव्हता हो.
दारांचं भ्या होतं.

दुसऱ्या दिवशी तहसीलात मोजणी.
चारशे बारा.
चारशे बारा.
फेरमोजणी झाली, तेच.
मी भिंतीला टेकलो, कुणी पाणी दिलं.
त्यांना वाटलं, ऊन लागलं.

साहेब म्हणाले, चिठ्ठी टाकू. एखादं लेकरू बघा.
दोन्ही पार्ट्या गफूरभाईच्या एकाच टेम्पोत आलेल्या,
त्याची तस्लीम, तिसरीतली, टपरीवर भजी खात होती.
साहेबांनी आपल्या रुमालानं तिची बोटं पुसली.
स्टीलच्या डब्यात दोन घड्या.
तिनं एक उचलली,
आणि साहेबांच्या हातात द्यायची सोडून उघडली.
वाचायला लागली, शाळेत वाचतात तशी,
मोठ्यानं, अक्षराखाली बोट धरून.

"श्री..."

श्री दोघांनाही होता.
खटिंगाची माणसं अर्धी उठली,
कुणीतरी गुलालाची पुडी दातानं फोडली.

"...म...ती."

उठलेले तसेच राहिले, ना उभे ना बसलेले.
"म-थु-रा-बा-ई," धडधड वाचलं पोरीनं.
आडनावाला आली आणि च्छपाशी अडली.
साहेबही गप्प.
मला येत होतं. मी नुसते ओठ हलवले.
तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.
"क... क-च... कच्छ-वे!"

पावतीपुस्तक जुनंच, छापील:
घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी.
पाचवा रकाना नाही.
लेकीची जुनी फूटपट्टी सापडली, टोकाला चावलेली.
रात्री बसून रेघा मारतोय,
शंभर पावत्या, शंभर रेघा, काही तिरप्या.
शाळापट्टी. शाळापट्टी. शाळापट्टी.
पहिल्या पावतीवर माझंच नाव घातलं.
खिसा चाचपला.
चाळीस रुपये.
बरं, म्हणालो मलाच,
उद्या ये.