डावी बाजू

घनोटे सरांची एमजी वडकीच्या फाट्यावर आली
ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ताडपत्रीखाली,
गाभण म्हशीसारखी जपून.
बासष्ट सालची. वर टप नाही. रंग पिकल्या टेंभराचा.
चाकं मात्र एवढी बारीक
की जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस म्हणाला,
"सायकलवर बसल्यासारखं वाटते रे नथ्थू.
वळणावर मागून निसटते ते."

मी पंक्चरवाला. रुंदीचं मला एवढंच कळतं:
जितकं रबर जमिनीवर, तितका जमिनीचा भरोसा.

इस्राईल मिस्त्रीनं रिमेचं मधलं ताट तसंच ठेवलं,
बाहेरची पट्टी कापून दोन इंच वाढवली,
वेल्डिंगची शिवण गोल फिरवून आणली
आणि लेथवर गिरकी देऊन
एक डोळा मिटून पाहत बसला.
नागपूरहून एकशे पंच्याऐंशीचे टायर आले.
अंगावर अजून रबराची लव होती.

पुढची दोन्ही बसली.
मागचं उजवं बसलं.
मागचं डावं घासलं.

मी सुतानं मोजलं. इस्राईलनं मोजलं,
एक शिवी दिली, पुन्हा मोजलं.
चारही चाकं एका मापाची.
गाडीच नव्हती एका मापाची.

तेव्हा टपरीवरून उठून आला पैकू वाढई,
ज्याच्या हातची शेवटची बंडी
बारा वर्षं झाली, ढाब्याच्या दारात शोभेला उभी आहे
आणि तिच्या धावेला ढाबेवाल्यानं चांदीचा रंग दिलाय.
"माती आन," म्हणाला.
"कायची माती?"
"वावरातली, काळी. पोळ्याचे बैल करतो तशी मळून आन."

मडगार्डच्या आतल्या कडेला
त्यानं अंगठ्यानं माती लिंपली, बोटभर जाड.
डाव्या सीटवर तुरीचा कट्टा ठेवला, मागे अजून एक,
"नाल्यावरून जाऊन या," म्हणाला सरांना,
जसं पोराला दुकानात पाठवावं.

परत आली तेव्हा मातीत रेघ होती.
करदोट्याएवढी बारीक, वीतभर लांब,
पुढे-मागे काहीच नाही.
पैकू तिच्यावरून नख फिरवत राहिला.
"हातानं ठोकेल आंग हाय हे, मास्तर.
एक बाजू सकाळी ठोकली असंन,
दुसरी जेवल्यावर.
बंडीचे दोन चाकं बी म्या कधी जुळे केले नाई.
बैल घ्यायचे सांभाळून."

मला वाटलं, आता पत्रा कापावा लागणार.
सरांनाही वाटलं. ते हापशीकडे जाऊन उभे राहिले.

पण पैकूनं घरून बंडीची उभारी आणली,
तिवसाची, तेल पिऊन काळी झालेली,
टायर आणि पत्र्याच्या मध्ये सारली.
मी आणि इस्राईल गाडी ढकलतो, हात दोन हात पुढे,
हात दोन हात मागे,
आणि तो उभारी धरून दर खेपेला
केसभर वर उचलतो.
कुणी बोललं नाही. फक्त पत्रा बोलत होता, हळू.
रंग एका जागी तडकला, नखाएवढा.
"असू दे," म्हणाले सर. थोड्या वेळानं परत, "असू दे."

मग गाडी राळेगावच्या रस्त्यानं गेली,
डाव्या सीटवर पैकू, टोपी मुठीत.
वळणावर ती निसटली नाही,
हे सरांनी येऊन सांगितलं, हातवारे करून.
पैकूनं सरांची पाठ फिरल्यावर सांगितलं:
"खड्डा आला का खर्र करते अजून.
म्या बसलो म्हणून. एकटे जाईन तं नाई करनार."

जुनी चार चाकं माझ्याकडेच आहेत. एकात कोंबडी बसते.

सर दर बुधवारी हवा पाहायला येतात,
मागच्या डाव्यात दोन पौंड जास्त मागतात,
आणि इंजिन बंद न करता थांबतात,
पैकूचा चहा संपेपर्यंत.