नग दोन

निवडणूक लागली की
दोघींना देवळाली कॅम्पच्या ठाण्यात जमा करायचं.
रिक्षातून, गोधडीत गुंडाळून.

थोरली अकरा सालच्या घडणीची. अक्रोडाचं लाकूड,
बोल्टला तांबडी मूठ, मळक्या पोवळ्यासारखी.
सरळ मागे ओढायची, सरळ पुढे. वळवायचं काही नाही.
धाकटी एकतीसची. बीचचं लाकूड फिकट,
बोल्ट आखूड, चाल मात्र
तेल दिलेल्या कुलपाची.
नेम धाकटीचा चांगला, मान्य.
हात जातो थोरलीकडे.

दस्त्याच्या टाचेला लोखंडी पत्रा, दोन स्क्रू.
धाकटीचा काढला तर चिठ्ठी निघाली:
आमान, अलॉइस. तुकडी, गाव, जन्मसाल.
थोरलीच्या पोटात नुसता भुसा.
किती हिवाळे उभा राहिला असेल हा अलॉइस
खिंडीत, आणि युद्ध आलंच नाही.
दस्त्याची कड तेवढी कुरतडलेली,
बुटांचा बर्फ झाडून झाडून.

बाहुल्याच्या अंगाला तोफांचा सराव चालू,
ठाण्याच्या काचा थरथरतात.
गांगुर्डे हवालदार रजिस्टर ओढतात,
"फरक काय हो दोन्हींत?"
मी बोल्टपासून सुरू करतो.
ते लिहितात: रायफल, जुनी. नग दोन.
मग पुठ्ठ्याचा तुकडा, सुतळी,
माझं नाव, लॅम रोडचा पत्ता,
आणि गाठ थोरलीच्या गळ्यात.
धाकटीसाठी पुठ्ठा उरला नाही. "तिला कशाला, एकाच मालकाच्या ना?"

काखेत रिकामी गोधडी.
थोरलीला नाव मिळालं एकदाचं.
मतमोजणी तेवीस तारखेला.